नाशिकची यात्रा, भाड्याची गाडी आणि कार्डावरचा विमा

नाशिकच्या तीर्थांचा नकाशा काढला, तर तो चाकाच्या आऱ्यांसारखा दिसतो. शहर मध्यभागी आहे. उत्तरेला दिंडोरी रस्त्याने म्हसरूळ आणि तेथील गजपंथ सिद्धक्षेत्र, पश्चिमेला त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरी, दक्षिणेला मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगरातील पांडवलेणी आणि त्यापुढे विल्होळीचे धर्मचक्र प्रभाव तीर्थ, ईशान्येला चांदवडच्या डोंगरातील कोरीव जिनमूर्ती, आणि त्याहून दूर बागलाणात मांगीतुंगीची जोडशिखरे. प्रत्येक ठिकाणचा रस्ता वेगळा आहे. एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना बहुधा पुन्हा शहरात यावे लागते.

यात्रेकरू कुटुंबाची गरजही ठरलेली असते. बरोबर वडीलधारी माणसे असतात, त्यांना बसस्थानकावर ताटकळणे सोसत नाही. जेवण सूर्यास्तापूर्वी व्हावे लागते, त्यामुळे परतीची वेळ आपल्या हातात असलेली बरी. पूर्वी अशा वेळी चालकासह जीप ठरवली जाई. आता मुंबई, पुणे किंवा सोलापूरहून आलेल्या कुटुंबातील तरुण मंडळी नाशिकला उतरून गाडी भाड्याने घेतात आणि स्वतः चालवतात. भाडे मोबाइलवरून क्रेडिट कार्डाने भरले जाते. ते भरताना पडद्यावर एक चौकट येते : अमुक रुपये जादा भरल्यास गाडीच्या नुकसानीची तुमची जबाबदारी मर्यादित राहील. ‘कार्डावर विमा आहेच, मग हे पैसे कशाला?’ असे म्हणून बहुतेक जण ती चौकट रिकामी सोडतात.

या वाक्यात व्यापारी घराची काटकसर आहे. पण त्यातील ‘आहेच’ हा शब्द तपासून पाहण्याजोगा आहे.

पांडवलेणीतील ठेवीचा कागद

करार कसा लिहावा, याचा एक जुना नमुना नाशिकमध्येच दगडावर कोरलेला आहे. शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर पांडवलेणी आहेत. ही एकूण २४ लेणी मुख्यतः बौद्ध असून काही ठिकाणी नंतरच्या काळातील जैन मूर्तीही आढळतात. यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचे शिलालेख आहेत. त्यांपैकी एका लेखात ४२ व्या वर्षी ठेवलेल्या अक्षय ठेवीची नोंद आहे. ठेव ३००० कार्षापणांची. त्यांतील २००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने, आणि १००० विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या दराने ठेवले आहेत. मुद्दल परत द्यावयाचे नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, असे लेखात स्पष्ट म्हटले आहे. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी द्यावयाचे आहेत.

हिशेब करून पाहावा. २००० वर दरमहा शेकडा एक, म्हणजे वर्षाला २४० कार्षापण. वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा, म्हणजे तेही २४०. जमा आणि खर्च दमडीचाही फरक न पडता जुळतात. हे सारे निगमसभेत वाचून दाखवले आणि रिवाजाप्रमाणे नोंदवले, असेही लेख सांगतो. पैसा कोणाचा, कोणाकडे, कोणत्या दराने, कशासाठी, काय परत मिळणार नाही आणि नोंद कोठे आहे, हे सर्व काही ओळींत आले आहे.

त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरी गावाजवळ जुन्या मंदिरांचे अवशेष विखुरलेले आहेत. त्यांतील एका जैन मंदिरात यादव राजा सेउणचंद्राच्या काळातील, शके १०६३ चा संस्कृत लेख आहे. बाजारातील दुकाने चंद्रप्रभ जिनालयास दिल्याची नोंद त्यात आहे. देवळाचा खर्च चालावा म्हणून दुकानाचे उत्पन्न लावून देण्याची पद्धत व्यापारी घराण्यांना आजही परकी नाही. तेव्हाही ती तोंडी ठेवलेली नव्हती. दगडावर लिहून ठेवली होती.

या दोन लेखांना लावलेले प्रश्न भाड्याच्या गाडीच्या कागदांना लावले, की कार्डावरच्या विम्याचे खरे रूप दिसू लागते.

पाटीचा रंग

पहिला प्रश्न गाडीचा. भारतात मोटारीचा विमा चालवणाऱ्याच्या कार्डाशी बांधलेला नसून गाडीशी बांधलेला असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे प्रत्येक वाहनास किमान त्रयस्थाच्या नुकसानीचा, म्हणजे ‘थर्ड पार्टी’ विमा सक्तीचा आहे. तो गाडीच्या मालकाने उतरवावयाचा असतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक असतो. भाड्याने गाड्या देणारी पेढी तो बहुधा उतरवते. पण त्याचा लाभ गिऱ्हाइकापर्यंत किती पोहोचतो, हे पेढी आणि गिऱ्हाईक यांच्या करारावर ठरते.

गिऱ्हाइकाने स्वतः चालवावयाच्या भाड्याच्या गाड्यांसाठी याच कायद्याच्या कलम ७५ खाली १९८९ ची ‘रेंट अ कॅब’ योजना आहे. अशा परवानाधारक गाडीची पाटी काळी असते आणि तिच्यावरील अक्षरे पिवळी असतात. चालकासह भाड्याने मिळणाऱ्या टॅक्सीची पाटी पिवळी व अक्षरे काळी, तर खासगी गाडीची पाटी पांढरी व अक्षरे काळी. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या पाट्या हिरव्या असतात.

हा केवळ रंगाचा प्रश्न नाही. ओळखीच्या ओळखीतून स्वस्तात मिळालेली गाडी पुष्कळदा पांढऱ्या पाटीची असते. खासगी गाडीच्या विमापत्रात वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात आणि त्यांत पहिलीच मर्यादा ‘भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर नाही’ ही असते. अशी गाडी पैसे देऊन घेतली आणि ठोकर बसली, तर विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली एका प्रकरणात, अशा अटीच्या भंगामुळे दावा पूर्णपणे फेटाळणे योग्य नाही, काही अंशी रक्कम द्यावी, असा निर्णय दिला होता, हे खरे. पण न्यायालयाच्या पायऱ्या चढून अंशतः रक्कम मिळवणे हा कोणत्याही व्यापाऱ्याच्या दृष्टीने फायद्याचा सौदा नव्हे. त्रयस्थास इजा झाल्यास न्यायाधिकरण विमा कंपनीस आधी भरपाई देण्यास सांगून ती पुढे वाहनमालकाकडून वसूल करण्याची मुभा देऊ शकते. मग मालक गाडी चालवणाऱ्याकडे वळतो आणि ओळखीचा माणूस वैरी होतो.

म्हणून किल्ली हाती घेण्यापूर्वी पाटी पाहावी. गाडीचे नोंदणीपत्र, परवाना, विमापत्र आणि पीयूसी यांच्या प्रती मागाव्यात. विमापत्रावरील वापराचा प्रकार आणि अखेरची तारीख वाचावी. या कामाला दहा मिनिटे पुरतात.

कार्डावर काय असते

दुसरा प्रश्न कार्डाचा. उधारी आणि विमा एकाच कागदात बांधण्याची कल्पना नवी नाही. आपल्या पूर्वजांच्या पेढ्यांवर दर्शनी, मुदती, शहाजोग अशा हुंड्यांबरोबर ‘जोखमी हुंडी’ही चाले. माल जहाजाने रवाना करणारा व्यापारी मालाच्या किमतीपोटी ही हुंडी लिही. माल सुखरूप पोहोचला तरच ती सिकारावी लागे. वाटेत माल बुडाला तर हुंडी विकत घेणाऱ्याचे पैसे बुडत. तो ही जोखीम जाणूनबुजून घेई आणि तिचा मोबदला आधीच वळता करून घेई. जोखीम कोणाची, कोणत्या मालाची आणि कोठपर्यंतची, हे त्या हुंडीवरून दोन्ही बाजूंना ठाऊक असे.

आजच्या कार्डावर अशी नोंद नसते. कार्डाच्या दर्शनी भागावर नाव आणि क्रमांक असतात. विम्याच्या अटी वेगळ्या पुस्तिकेत असतात. ती पुस्तिका उघडली, तर भारतातील बँकांच्या कार्डांवर साधारणपणे पुढील प्रकार आढळतात : अपघाती मृत्यूचा विमा, त्यातही पुष्कळदा विमान अपघातासाठी मोठी आणि रस्त्यावरील अपघातासाठी लहान रक्कम; हरवलेल्या कार्डाच्या गैरवापराचे संरक्षण; परदेशातील वैद्यकीय खर्च; प्रवासात सामान हरवल्यास काही भरपाई. देशात भाड्याने घेतलेल्या मोटारीच्या पत्र्याला पोचा आला तर तो दुरुस्त करून देणारे कलम या यादीत सहसा नसते. असलेच, तर ते शोधून, वाचून, बँकेकडून लेखी खात्री करून मगच त्यावर विसंबावे.

जे असते त्यालाही अटी असतात. अपघातापूर्वी ठरावीक दिवसांत कार्डाचा वापर झालेला असावा, ही नेहमीची अट. जनधन खात्याच्या रुपे कार्डाचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांवर दोन लाख रुपयांचे अपघात संरक्षण आहे. पण त्यासाठी अपघातापूर्वीच्या ९० दिवसांत कार्डाचा यशस्वी व्यवहार झालेला असावा लागतो. महागड्या क्रेडिट कार्डांवरही अशाच मुदती असतात. दुसरी नेहमीची अट अशी, की संरक्षण मुख्य कार्डधारकालाच मिळते, पुरवणी कार्ड वापरणाऱ्याला मिळेलच असे नाही. वडिलांच्या कार्डाने भाडे भरले आणि मुलगा गाडी चालवत असला, तर ते संरक्षण कोणाचे, हा प्रश्न अपघातानंतर नव्हे, आधी सुटलेला बरा.

या बाबतीत रिझर्व्ह बँकेचे निर्देश ग्राहकाच्या बाजूचे आहेत. कार्डांविषयी २०२२ साली दिलेल्या निर्देशांनुसार, कार्डाबरोबर विमा दिला जात असेल तर बँकेने ग्राहकाची स्पष्ट संमती घ्यावयाची असते. अपघाती मृत्यू व अपंगत्वाच्या विम्यासाठी नॉमिनीचा तपशील घेऊन तो विमा कंपनीकडे नोंदला जाईल, हेही पाहावयाचे असते. दावे हाताळणाऱ्या विमा कंपनीचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक ग्राहकाला कळवावयाचे असतात. कार्ड घेताना नॉमिनीचा रकाना रिकामा राहिला असेल, तर तो आजच भरून घ्यावा. घरातील कर्त्याच्या कार्डावर विमा होता, हे कुटुंबाला कळलेच नाही आणि दाव्याची मुदत निघून गेली, तर तो विमा असून नसल्यासारखाच.

गाडीच्या विम्यातील आणखी एक बारकावा लक्षात ठेवावा. खासगी गाडीच्या विम्याबरोबर २०१८ पासून पंधरा लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण घेतले जाते. पण ते ‘मालक-चालका’साठी असते. भाड्याने गाडी घेणारा मालक नसतो. त्यामुळे ते त्याला लागू होत नाही. मागे बसलेल्या आईवडिलांसाठीही वेगळी पुरवणी लागते. चालवणारा आणि सहप्रवासी यांच्यासाठी स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा असणे, हाच त्यावरचा सरळ उपाय.

हा समज आला कोठून

‘कार्डावर गाडीचा विमा असतो’ हे वाक्य समुद्रापलीकडून आले आहे. शिकण्यासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिकेत गेलेली मुले सुटीत घरी येतात आणि तिकडची रीत सांगतात. तेथे ती खरीही आहे. अमेरिकेतील अनेक कार्डांवर भाड्याच्या गाडीची मोडतोड आणि चोरी यांची भरपाई असते. पण तेथेही अटी काटेकोर आहेत. संपूर्ण भाडे त्याच कार्डाने भरलेले हवे. करारावर पहिले नाव कार्डधारकाचे हवे. गाडी देणारी कंपनी जे नुकसानमाफीचे कलम विकते, ते नाकारलेले हवे. ते घेतले, तर कार्डाचे संरक्षण बाजूला पडते. दिवसांची मर्यादा असते; एका मोठ्या कार्डसंस्थेच्या योजनेत ती स्वदेशात सलग १५ आणि परदेशात ३१ दिवसांची आहे. काही देश आणि काही प्रकारची वाहने वगळलेली असतात. पुष्कळ कार्डांवर हे संरक्षण दुय्यम असते, म्हणजे ग्राहकाचा स्वतःचा मोटार विमा आधी आणि कार्ड नंतर.

सर्वांत महत्त्वाचे असे, की तेथील कार्डही केवळ भाड्याच्या गाडीची भरपाई करते. समोरच्या माणसाला झालेली इजा, समोरच्या गाडीचे नुकसान आणि आपल्या सहप्रवाशांचे औषधपाणी यांपैकी काहीही त्यात येत नाही. त्यासाठी वेगळा दायित्व विमा लागतो. मुलांना भेटायला परदेशी जाणाऱ्या आईवडिलांनी हेही ध्यानी ठेवावे, की भारतात घेतलेल्या कार्डाच्या अटी भारतातील पुस्तिकेतच पाहावयाच्या असतात. कार्डावरचे बोधचिन्ह सारखे दिसले, म्हणून लाभ सारखे नसतात.

मांगीतुंगीचा रस्ता

अटींचे हे वाचन कोरडे वाटेल. पण मांगीतुंगीच्या रस्त्याला लागले, की त्यातील प्रत्येक कलम डोळ्यांसमोर उभे राहते. नाशिकहून हे क्षेत्र सुमारे १२५ किलोमीटर आहे. महामार्गाने ओझर, पिंपळगाव बसवंत, पुढे सोग्रस फाट्यावरून देवळा, सटाणा आणि ताहराबाद असा हा मार्ग. पायथ्याशी भिलवाड गाव, वर दोन सुळके आणि त्या कातळात २०१६ साली प्रतिष्ठापित झालेली भगवान ऋषभदेवांची १०८ फुटी अखंड मूर्ती. पहाटे निघालेले कुटुंब दर्शन आटोपून दिवस मावळण्यापूर्वी नाशिकला पोहोचावे म्हणून परतताना घाई करते. धोका असतो तो या परतीच्या घाईत.

पिंपळगाव आणि लासलगाव हा द्राक्षे आणि कांद्याचा मुलूख. हंगामात बाजार समित्यांकडे निघालेले कांद्याचे ट्रॅक्टर महामार्गावर ओळीने दिसतात. मागच्या ट्रॉलीला दिवा असतोच असे नाही. संधिप्रकाशात ती अगदी जवळ आल्यावर दिसते. बंपर, दिवे आणि जाळी, म्हणजे गाडीचे प्लॅस्टिकचे भाग, बहुधा अशाच ठोकरीत जातात. मोटार विम्याच्या नेहमीच्या नियमांत रबर, नायलॉन व प्लॅस्टिकच्या भागांवर पन्नास टक्के घसारा धरतात, फायबरवर तीस टक्के, काचेवर काही नाही. समजा, दुरुस्तीचा खर्च चाळीस हजार झाला : प्लॅस्टिकचे भाग चोवीस हजार, काच सहा हजार, मजुरी दहा हजार. विमा कंपनी अनुक्रमे बारा, सहा आणि दहा, म्हणजे अठ्ठावीस हजार मान्य करील आणि त्यातून अनिवार्य वजावट कापून घेईल. उरलेले बारा हजार आणि ती वजावट कोणी भरावयाची, हे भाड्याच्या करारात लिहिलेले असते आणि बहुधा ते गिऱ्हाइकाच्या नावे असते. शिवाय गाडी कार्यशाळेत उभी राहील तितक्या दिवसांचे भाडेही काही करारांत आकारले जाते. ‘झिरो डेप’ पुरवणी असेल, तर घसाऱ्याचा भाग वाचतो. पेढीने देऊ केलेले जादा पैशांचे संरक्षण घ्यावे की नाही, हे या आकड्यांवरून ठरवावे. दोन दिवसांच्या संरक्षणाला लागणारी रक्कम आणि संरक्षण नसल्यास अंगावर येणारी कमाल रक्कम शेजारी शेजारी लिहिली, की निर्णय आपोआप होतो.

पावसाळ्यात धोका वेगळा असतो. गंगापूर धरणातून पाणी सोडले, की गोदावरी चढते. पुराचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आले, यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात. अशा वेळी गोदाघाटावर उभ्या केलेल्या गाड्या पाण्यात सापडतात. पुरात गाडी भिजणे हे नुकसानीच्या विम्यात येते. पण पाणी शिरलेले इंजिन चालू करण्याचा प्रयत्न केल्याने ते निकामी झाले, तर साध्या विमापत्रात त्याची भरपाई सहसा मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची पुरवणी लागते. गाडी पाण्यात सापडली तर किल्ली फिरवू नये, पेढीला कळवावे आणि गाडी ओढून न्यावी. २०२७ च्या सिंहस्थाच्या गर्दीत घाटाजवळ जागा शोधणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे.

ज्याचे नाव कोणत्याच कार्डावर नाही

आतापर्यंतचा हिशेब पत्र्याचा झाला. पण रस्त्यावर आणखी एक जण असतो. शेतातून घरी निघालेला मजूर, शाळेत जाणारी मुलगी, ट्रॉलीवर बसलेला शेतकरी. आणि आपल्या समाजाला हे सांगावे लागत नाही, की पहाटेच्या अंधुक उजेडात याच महामार्गाच्या कडेने साधू-साध्वींचा पायी विहार चाललेला असतो. पायाखालचा जीव वाचावा म्हणून जमीन पाहत चालणे हा त्यांचा ईर्या समितीचा नियम. मागून येणाऱ्या गाडीपासून स्वतःला वाचवण्याचे साधन मात्र त्यांच्यापाशी नसते. विहारात झालेल्या अपघातांच्या वार्ता समाजाने वेळोवेळी ऐकल्या आहेत. ते चाक आपल्या हातातील गाडीचे असू नये.

या माणसाचे नाव कोणत्याच क्रेडिट कार्डावर नसते. कार्डावरचा विमा, मग तो कितीही मोठा असो, त्याला एक रुपयाही देत नाही. त्याला आधार असतो तो गाडीच्या थर्ड पार्टी विम्याचा. तो विमा मुदतीत आहे, वापर परवान्याप्रमाणे आहे आणि चालवणाऱ्याकडे त्या प्रकारच्या वाहनाचा वैध वाहनपरवाना आहे, या तीन गोष्टी आपण पाहिल्या असतील, तरच तो आधार विनाअडथळा त्याच्यापर्यंत पोहोचतो. पांढऱ्या पाटीच्या गाडीत वाचवलेले हजार रुपये काही वेळा जखमी माणसाच्या वाट्याचे असतात.

अपघात झालाच, तर कायद्याने चालकावर तीन कर्तव्ये ठेवली आहेत : जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे, पोलिसांना कळवणे आणि विमा कंपनीला माहिती देणे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारने मे २०२५ पासून रोखविरहित उपचारांची योजना सुरू केली आहे. तीत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. पैशांच्या विचाराने कोणीही जखमीला रस्त्यावर सोडून जाऊ नये.

गाडी घेताना, परत देताना

करारात ज्यांची नावे चालक म्हणून लिहिली आहेत, त्यांनीच गाडी चालवावी. थकलेल्या मुलाला विश्रांती म्हणून जावयाने चाक हाती घ्यावयाचे असेल, तर त्याचे नाव आधीच लिहून घ्यावे. अनामत म्हणून कार्डावर रक्कम अडकवून ठेवली जाते. ती किती, कधी मोकळी होईल आणि कोणत्या कारणांनी कापली जाईल, हे लेखी घ्यावे. गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, छत, चाके, काचा, इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा यांची चित्रफीत काढावी. परत देताना पुन्हा तेच करावे आणि ‘नवे नुकसान नाही’ अशी पोच घ्यावी. फास्टॅग कोणाच्या खात्याचा, हेही विचारावे.

परतीनंतर न झालेल्या नुकसानीचे पैसे कार्डातून कापले गेले, तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे तत्काळ लेखी हरकत नोंदवावी. त्याला मुदत असते, म्हणून महिन्याच्या हिशेबाची वाट पाहू नये. बँकेच्या उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेत तक्रार करता येते. विम्याचा दावा अडला, तर आधी कंपनीचा तक्रार कक्ष, मग प्राधिकरणाचे ‘बिमा भरोसा’ संकेतस्थळ आणि त्यापुढे विमा लोकपाल. २०२३ पासून विमा लोकपालाच्या कक्षेत ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे येतात. ही दारे विनाशुल्क आहेत. पण तेथे कागद लागतो, तोंडी आश्वासन चालत नाही.

गजपंथाच्या पायऱ्या चढून वर गेले, की खाली नाशिक शहर आणि भोवतालची शेते दिसतात. आपली गाडी पायथ्याशी उभी असते. तिची पाटी पाहिलेली आहे, विमापत्र वाचलेले आहे, कार्डावर काय आहे व काय नाही हे ठाऊक आहे, आणि परतीसाठी हाती पुरेसा दिवस आहे. इतकी तयारी असली, म्हणजे दर्शनाच्या वेळी मन किल्लीकडे राहत नाही.